स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात: कुठून तपासायला सुरुवात करावी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. पुण्यात वाकडला बसतो आणि अधूनमधून हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या कंपन्यांमध्ये डोळे तपासणीच्या शिबिरांना जातो. समोर बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य एकच असतं: "नंबर वाढलाय वाटतं, डोळे जळतात." तपासल्यावर नंबर बहुतेक वेळा जिथल्या तिथे निघतो आणि डोळ्यांत कोरडेपणा सापडतो. यांतल्या अनेकांनी केमिस्टकडून ड्रॉप्स आणून घातलेले असतात. ड्रॉप घातला की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बाटली संपते, त्रास तसाच राहतो.

समोरासमोर जे प्रत्येकाला सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. फुकटात होण्यासारख्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि चिकाटीच्या नंतर. क्रम मोडू नका, कारण वरच्या पायऱ्या गाळून थेट औषधावर गेलं की औषध वाया जातं.

लक्षणं

डोळे चुरचुरतात, जळजळतात, वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं. सकाळी कामाला बसताना ठीक असतं, दुपारी तीन-चारनंतर वाढतं. पापण्या जड होतात, डोळे मिटून बसावंसं वाटतं. पांढऱ्या भागात लाली येते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना संध्याकाळी लेन्स टोचायला लागते आणि घरी पोचायच्या आधीच काढून टाकावीशी वाटते.

दोन लक्षणं लोकांना कोरडेपणाची वाटतच नाहीत. पहिलं, अक्षरं मध्येच पुसट होतात आणि एक-दोनदा पापणी मिटली की परत स्वच्छ दिसतात. दुसरं, डोळ्यांतून पाणी वाहतं. "पाणी येतंय तर कोरडे कसे?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडला की तिथल्या नसा मेंदूला खबर देतात आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. हे नुसतं पातळ पाणी असतं. ते गालावरून ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. स्क्रीनसमोर किंवा गाडीवर वाऱ्यात डोळे पाणावत असतील, तर कोरडेपणाचा संशय आधी घ्या.

आता सारखे दिसणारे पण वेगळे त्रास. मुख्य तक्रार खाजेची असेल, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात, आणि जोडीला शिंका असतील, तर ती बहुधा ॲलर्जी. पापणी मिटूनही अक्षरं पुसटच राहत असतील, संध्याकाळी कपाळ ठणकत असेल, तर नंबर तपासायला हवा. सकाळी पिवळा, घट्ट घाण येऊन पापण्या चिकटत असतील, तर संसर्ग असू शकतो.

पुढचं वाचण्याआधी हे पाहा

खालीलपैकी काहीही असेल तर घरचे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

- डोळ्यात खरी वेदना आहे, उजेड सहन होत नाही.
- नजर कमी झाली आहे आणि पापणी मिटूनही सुधारत नाही.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरता आणि डोळा लाल होऊन दुखतो आहे. लेन्स लगेच काढा आणि परत घालू नका. बुबुळावर जखम किंवा संसर्ग असू शकतो आणि तिथे काही तासांनीही फरक पडतो.
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे.
- एकाच डोळ्यात अचानक त्रास सुरू झाला आहे, किंवा डोळ्यात काही उडालं आहे. रसायन उडालं असेल तर आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, मग निघा.
- अचानक काळे ठिपके, विजेसारखे चमकारे किंवा नजरेच्या कडेला पडदा आल्यासारखं वाटतंय. हा पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा प्रश्न असू शकतो.
- दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं जबर दुखतं, उलटी होते. डोळ्यातला दाब वाढल्याचं हे लक्षण असू शकतं.

यातलं काही नसेल, तर पुढे चला.

बिघाड कुठे होतो

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. बुबुळाला चिकटून श्लेष्मल भाग, मग पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मागे असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं. प्रत्येक पापणीत अशा साधारण वीस ते चाळीस ग्रंथी असतात. तवंग नीट असेल तर खालचं पाणी लवकर उडत नाही. आणि तो तवंग पसरवण्याचं काम पापणी करते. प्रत्येक वेळी ती पूर्ण मिटते तेव्हा ग्रंथींतून थोडं तेल पिळून निघतं आणि डोळाभर पसरतं.

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या लववायचं विसरतो. 1993 साली जपानी संशोधकांनी कार्यालयात काम करणाऱ्यांवर केलेली मोजणी प्रसिद्ध आहे: निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी 22 वेळा, पुस्तक वाचताना 10 वेळा आणि स्क्रीनकडे बघताना 7 वेळा पापणी लवत होती. त्याहून वाईट म्हणजे स्क्रीनसमोर बऱ्याचदा पापणी अर्धवटच मिटते. वरची पापणी खालपर्यंत येत नाही, त्यामुळे बुबुळाचा खालचा पट्टा उघडाच राहतो आणि तेलही पिळलं जात नाही.

म्हणून स्क्रीनवाल्यांच्या कोरडेपणात पाणी कमी तयार होणं हे कारण सहसा नसतं. तयार झालेलं पाणी उडून जातं. ड्रॉप्स घातल्यावर तासाभरात त्रास परत येण्याचं कारणही हेच. वरून घातलेलंही त्याच वाटेने उडतं. खालच्या सगळ्या तपासण्या ही वाट शोधून बंद करण्यासाठी आहेत.

1. मोबाईल लावून स्वतःची पापणी मोजा

खर्च शून्य. मोबाईल मॉनिटरच्या शेजारी उभा करा, चेहरा दिसेल असा कॅमेरा लावा आणि दहा मिनिटांचं चित्रण सुरू करून नेहमीचं काम करा. कोड वाचत असाल तर तोच, एक्सेलमध्ये असाल तर तेच. पहिली काही मिनिटं सोडून द्या, कारण कॅमेरा आहे हे तेव्हा लक्षात असतं. नंतरची कुठलीही दोन मिनिटं निवडून मोजा: पापणी किती वेळा लवली, आणि त्यातल्या किती वेळा वरची पापणी खालच्या पापणीला टेकली.

मी हे शिबिरात मुद्दाम करायला लावतो, कारण सांगून कोणाला पटत नाही. एका टेस्टिंग करणाऱ्या मुलीने तिचं चित्रण मला दाखवलं. पापण्या लवत होत्या, पण प्रत्येक वेळी वरची पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत येऊन परत फिरत होती. एकदाही टेकली नाही. मग दिव्याखाली तिचं बुबुळ पाहिलं, तर कोरडा पट्टा नेमका खालच्या एक तृतीयांश भागात होता, पापणी जिथे पोचत नव्हती तिथेच.

याच्या जोडीला आणखी एक साधी परीक्षा. दोनदा पूर्ण डोळे मिटा, उघडा आणि न मिटता समोर बघत राहा. पंखा आणि एसी थेट तोंडावर नको. दहा सेकंदांच्या आत जळजळ व्हायला लागली किंवा दिसणं पुसट झालं, तर अश्रूंचा थर लवकर फाटतो आहे असं समजायला हरकत नाही. आम्ही दवाखान्यात हेच रंग घालून, निळ्या दिव्याखाली मोजतो. घरची परीक्षा तितकी काटेकोर नसते, पण आठवड्याने सुधारणा झाली की नाही हे कळायला पुरते.

2. वारा कुठून येतो ते शोधा

माझ्या अनुभवात ऑफिसातल्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो आणि सगळ्यात कमी लोक हे तपासतात.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीला लोंबेल. एसी चालू असताना पाच मिनिटं तिच्याकडे लक्ष ठेवा. पट्टी हलत असेल तर दिवसभर तो झोत तुमच्या बुबुळावरून जातो आहे. छतातल्या एसीची जाळी बघा. तिच्या पात्यांची दिशा ॲडमिनवाले पाच मिनिटांत बदलून देतात, फक्त नेमकं सांगावं लागतं. "एसी कमी करा" म्हटलं की शेजारचे दहा जण विरोध करतात. "माझ्या डेस्कवरच्या जाळीची दिशा भिंतीकडे करा" म्हटलं की काम होतं. तेही शक्य नसेल तर जागा बदलून मागा.

घरून काम करणाऱ्यांनी छताचा पंखा आणि टेबल फॅन बघावा. टेबल फॅन पायांकडे वळवा. कूलर हवेत ओलावा सोडतो हे खरं, पण त्याचा झोत तोंडावर असेल तर फायदा उरत नाही.

ज्यांना सकाळी उठतानाच डोळे सर्वांत जास्त खुपतात, त्यांनी रात्रीचा पंखा तपासावा. काही जणांचे डोळे झोपेत पूर्ण मिटत नाहीत, बारीक फट राहते. घरातल्या कोणाला तरी रात्री बघायला सांगा. फट दिसली तर पंख्याखालून पलंग सरकवा आणि डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण त्यावर रात्री घालायचं वेगळं मलम असतं.

आणि पुण्यात दुचाकी विसरून चालत नाही. वाकडहून हिंजवडी किंवा हडपसरहून खराडी, सकाळ-संध्याकाळ पाऊण तास वारा, धूळ, पुढच्या ट्रकचा धूर. हेल्मेटची काच वर करून चालवणारे ऑफिसात पोचतात तेव्हाच त्यांच्या डोळ्यांवरचा थर विस्कटलेला असतो. मग थेट एसीत जाऊन बसतात. काच खाली ठेवा. काचेवर ओरखडे पडलेत म्हणून वर करत असाल, तर काच बदला, ती वेगळी मिळते. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी डोळ्यांना गॉगल किंवा साधा मोठा चष्मा लावावा. स्कार्फ किंवा मास्क नाकावर सैल असेल तर श्वासाची हवा वर जाऊन डोळ्यांवर येते, म्हणून नाकाशी तो नीट बसवा. कॅबमध्ये पुढच्या सीटवर बसलात तर एसीची जाळी छातीकडे वळवा.

मार्च ते मे या महिन्यांत पुण्याची दुपारची हवा फार कोरडी असते आणि तक्रारी तेव्हा वाढतात. पावसाळ्यात काही जणांना आपोआप बरं वाटतं. तुमचाही त्रास असाच ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर वारा आणि हवा हे कारण जवळपास पक्कं धरा.

3. स्क्रीन खाली घ्या

सरळ समोर किंवा वर बघताना डोळे जास्त उघडे राहतात. खाली बघताना वरची पापणी उतरते आणि उघडा भाग कमी होतो. उघडा भाग जितका कमी, तितकं पाणी कमी उडतं. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं, साधारण 50 ते 70 सेंटीमीटर. मान वाकू नये म्हणून मॉनिटर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवणाऱ्यांनी गठ्ठा किती उंच झाला ते पुन्हा बघावं. मानेसाठी केलेला उपाय डोळ्यांना महाग पडलेला मी बघितला आहे. दोन मॉनिटर एकावर एक लावणाऱ्यांनी जास्त वेळचं काम खालच्या स्क्रीनवर घ्यावं.

चाळिशीनंतर अनेकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, लागतो. त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असल्यामुळे लोक हनुवटी वर करून स्क्रीन वाचतात. मॉनिटर आणखी थोडा खाली घेतला की मान आणि डोळे दोन्ही सुटतात.

खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडत असेल तर आपण डोळे बारीक करून बघतो, आणि डोळे बारीक केले की पापणी आणखी कमी लवते. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा. अक्षरं मोठी करा, पुढे झुकायची गरज राहणार नाही.

4. पापणी पूर्ण मिटायची सवय

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट, म्हणजे साधारण सहा मीटर, लांब बघायचं हा नियम बहुतेकांना पाठ असतो. चांगलाच आहे. पण लांब बघणं हे डोळ्यांच्या स्नायूंना आराम देण्यासाठी. कोरडेपणासाठी त्या वीस सेकंदांत आणखी एक गोष्ट करावी लागते: डोळे हलकेच मिटा, दोन सेकंद मिटलेले ठेवा, उघडा, परत मिटा आणि या वेळी पापण्या जरा दाबून मिटा. उघडा. असं पाच वेळा. दाबल्यामुळे तेल पिळून निघतं. मिटताना कपाळाला किंवा गालाला आठ्या पडू देऊ नका, हालचाल पापणीचीच हवी.

आठवण राहण्यासाठी ते कशाला तरी जोडा. कोडचं बिल्ड चालू असताना, फाईल सेव्ह केल्यावर, फोन ठेवल्यावर. गजर लावणारे दोन दिवसांनी गजर बंद करतात.

मीटिंग कॅमेऱ्याशिवाय असेल आणि फक्त ऐकायचं असेल, तर डोळे मिटून ऐका.

5. डोळ्यात काय काय जातं त्याचा हिशेब घ्या

आठवडाभर वरचं सगळं करूनही फरक नसेल, तर डोळ्यात आणि डोळ्याभोवती काय वापरता ते लिहून काढा.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर, केसांच्या मागे लावलं जातं, तिथेच तेलग्रंथींची तोंडं असतात. ती बुजतात. काजळ लावायचंच असेल तर केसांच्या बाहेर लावा आणि रात्री पूर्ण पुसून झोपा. गुलाबपाणी, मध, एरंडेल, दुधाचे थेंब डोळ्यात घालू नका. आजीच्या काळापासून चालत आलंय हे मला माहीत आहे आणि मायेने सांगितलेलं असतं हेही माहीत आहे, पण यातलं काहीच निर्जंतुक नसतं, आणि कोरड्या बुबुळाला संसर्ग लवकर धरतो. मिटलेल्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवायला हरकत नाही, गार वाटतं, पण कोरडेपणाचं कारण त्याने जात नाही.

लाली घालवणारे ड्रॉप्स बंद करा. ते रक्तवाहिन्या आकसवतात म्हणून डोळा पांढरा दिसतो, असर उतरला की लाली दुप्पट होऊन येते आणि मग ड्रॉप्सची सवय लागते. घरात कोणाला तरी पूर्वी दिलेले, नावात 'डेक्सा' किंवा 'प्रेड' असलेले किंवा ज्यांच्या घटकांत स्टेरॉईड आहे असे ड्रॉप्स स्वतःहून कधीही घालू नका. त्यांनी जळजळ पटकन थांबते म्हणून लोक महिनोन्महिने घालतात. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. केमिस्टने चिठ्ठीशिवाय दिले तरी घेऊ नका.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर दोन आठवडे चष्मा लावून बघा. त्रास गेला तर उत्तर मिळालं.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्याबद्दलही विचारणा होते. मी चष्मे विकतो, तरी सांगतो: कोरडेपणासाठी तो घेऊ नका. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) अशा काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. ते पैसे चांगल्या हेल्मेटच्या काचेवर घाला.

6. कृत्रिम अश्रू: कोणते, कसे

आता ड्रॉप्स. कार्बोक्सीमिथाईल सेल्युलोज, हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाईल सेल्युलोज, सोडियम हायलुरोनेट किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांपैकी काहीतरी असलेले 'लुब्रिकंट' ड्रॉप्स ठीक. खोक्यावरचे घटक वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराईड नावाचं संरक्षक त्यात असेल तर दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा घालू नका, कारण तेच संरक्षक वारंवार गेल्याने बुबुळाच्या पेशींना इजा करतं. त्याहून जास्त वेळा गरज पडत असेल तर संरक्षक नसलेले घ्या आणि नेत्रतज्ज्ञालाही दाखवा. एकेका वापराच्या छोट्या कुप्यांत किंवा खास झडपेच्या बाटलीत मिळतात. महाग पडतात.

घालताना खालची पापणी हलकेच ओढा, एकच थेंब सोडा, मग मिनिटभर डोळे मिटा. दोन थेंब घालून उपयोग नाही, दुसरा गालावर येतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि खोक्यावर दिलेल्या मुदतीनंतर, बहुतेकांची एक महिना असते, उरलेले फेकून द्या.

त्रास व्हायला लागल्यावर घालण्यापेक्षा आधी घाला: कामाला बसताना, जेवणानंतर, चार वाजता. एकदा बुबुळ चिडलं की एका थेंबाने शांत होत नाही.

7. गरम शेक आणि पापण्यांची सफाई

वरचं सगळं दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे करूनही त्रास राहिला, तर तेलग्रंथी तुंबल्या असण्याची शक्यता मोठी. आरशात पापणीची कड जवळून बघा. कड लालसर, जाड झाली आहे का, केसांच्या बुंध्याशी कोंड्यासारखे कण आहेत का, कडेवर पांढरट टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आहेत का. वारंवार रांजणवाडी होत असेल तर तोही इशारा.

या ग्रंथींतलं तेल बिघडलं की घट्ट होतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं, आणि बाहेर येत नाही. त्याला वितळवायला पापणीवर साधारण 40 अंश सेल्सिअसची ऊब काही मिनिटं टिकायला हवी. लोक इथेच कमी पडतात. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत थंड होतो, म्हणून दोन रुमाल घ्या आणि आलटून पालटून ठेवा. आठ-दहा मिनिटं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे सहन होत नसेल तर पापणीला अजिबात नको, ती कातडी फार पातळ असते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेला ओला रुमाल वापरू नका, आत कुठेतरी जास्त तापलेला राहतो आणि भाजतो.

शेक झाल्यावर लगेच, तेल पुन्हा घट्ट होण्याआधी, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच निपटा. बुबुळावर दाब देऊ नका. मग पापणीच्या कडा पुसण्यासाठी मिळणाऱ्या खास वाईप्सने केसांचे बुंधे पुसा. त्यानंतर थोडा वेळ पुसट दिसेल, ते जातं. रात्री झोपण्यापूर्वी केलेलं बरं.

रोज करावं लागतं आणि फरक दिसायला महिना-सव्वा महिना जातो. चार दिवस करून सोडणाऱ्यांना यातून काही मिळत नाही. चिकाटीने करणाऱ्यांपैकी अनेकांचे ड्रॉप्स कमी झालेले मी बघितले आहेत.

ओमेगा-3 च्या गोळ्यांबद्दल: 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. जवसाची चटणी आवडीने खा, गोळ्यांवर पैसे घालायची घाई नको.

8. नंबर आणि चालू औषधं

नंबर तपासून घ्या, विशेषतः दोन वर्षांत तपासला नसेल तर. छोटा सिलिंडर नंबरही (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा) दिवसभर स्क्रीन बघणाऱ्याला जाणवतो, आणि नीट न दिसणारा माणूस टक लावून बघतो. चाळिशीच्या आसपास असाल आणि मोबाईल लांब धरायला लागला असाल, तर हे आधी करा.

मग औषधांची यादी. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉईन, काही नैराश्यावरची औषधं, रक्तदाबासाठीच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हार्मोन्सच्या गोळ्या यांनी कोरडेपणा वाढू शकतो. आयसोट्रेटिनॉईन तर तेलग्रंथींनाच सुकवतं, आणि पंचविशीतल्या मुलामुलींमध्ये हे कारण मला वरचेवर सापडतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना डोळ्यांचा त्रास सांगा. लेसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, झालेली असेल तर बुबुळाच्या नसा कापल्या गेल्यामुळे काही महिने कोरडेपणा राहू शकतो. तेव्हा वरच्या पायऱ्यांबरोबरच ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना दाखवत राहा.

इथे थांबा, नेत्रतज्ज्ञाकडे जा

सुरुवातीची धोक्याची यादी सोडून, खालील परिस्थितीत स्वतः प्रयोग करणं थांबवा.

वरच्या पायऱ्या सहा आठवडे नीट करूनही त्रास कमी झालेला नाही. ड्रॉप्स दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा लागताहेत. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सांधे दुखतात. यामागे श्योग्रेन आजार (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते तो) किंवा संधिवात असू शकतो, बायकांमध्ये चाळिशीनंतर जास्त दिसतो. थायरॉईड आहे आणि डोळे मोठे किंवा बाहेर आल्यासारखे वाटतात, पूर्ण मिटत नाहीत. मधुमेह आहे. मधुमेहात बुबुळाची जाणीव कमी होऊ शकते, त्यामुळे इजा होऊनही दुखत नाही, आणि म्हणून त्रास किरकोळ वाटला तरी दाखवा.

चष्म्याच्या दुकानातली तपासणी यासाठी पुरत नाही, माझीसुद्धा नाही. आम्ही कोरडेपणा ओळखू शकतो, आजार शोधणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनमध्ये नेत्र विभाग आहे, आणि हडपसरच्या पुढे महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

तिथे पापणीत गाळणकागदाची छोटी पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात, त्याला शर्मर चाचणी म्हणतात. रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. पापणी दाबून ग्रंथींतून तेल येतं का तपासतात. गरजेप्रमाणे सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्यातली सूज-दाह कमी करणारे, ड्रॉप्स देतात, किंवा अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक प्लग बसवतात. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि सुरुवातीला थोडी जळजळ होते. त्यामुळे पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून ते सोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

जाताना वापरलेल्या सगळ्या ड्रॉप्सच्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. चालू गोळ्यांची पानं न्या. लेन्स न घालता चष्मा लावून जा, काजळ नको. तपासणीच्या आधी दोन तास ड्रॉप घालू नका, नाहीतर मोजमाप चुकतं. त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कुठे बसल्यावर वाढतो ते आठवडाभर मोबाईलमध्ये टिपून ठेवा आणि पहिल्या पायरीचं पापण्यांचं चित्रणही पुसू नका. डॉक्टरांना ते दाखवा, अर्धवट मिटणारी पापणी त्यांना त्यात लगेच दिसते.